पुण्यात हृदयाचे उपचार: पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी

अण्णांना पहिल्यांदा त्रास झाला तो श्रावणातल्या एका सोमवारी, उपास सोडल्यावर. छातीत गच्च दाबल्यासारखं, डावा खांदा जड, कपाळावर घाम. घरात सगळ्यांचं एकमत: पित्त. साबुदाणा बाधला असणार. थंड दूध झालं, जिरं-सोडा झाला, रात्र गेली. सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं तर तिथेही ॲसिडिटीचीच गोळी मिळाली. ईसीजी काढला नाही, आणि काढा म्हणायचं आम्हालाही सुचलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे तेच दुखणं परत आलं, तेव्हा आम्ही थेट हॉस्पिटल गाठलं. तो हार्ट अटॅक होता.

त्यानंतर अण्णांची अँजिओप्लास्टी (बंद नस आतून फुग्याने उघडणं) झाली, सातारच्या मामांच्या तपासण्या झाल्या, आईच्या पायाच्या रक्तवाहिन्यांचं दुखणं निघालं. आता भोर-वाईकडून कुणाचाही फोन येतो, "पुण्यात कुठं न्यायचं गं?" प्रत्येकाला तेच सांगत बसते, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) टाकायचा का, हे डॉक्टरच ठरवतील. कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं आणि हातात काय ठेवायचं, तेवढं मी सांगू शकते.

१. आधी रस्ता ओळखा: घाईचा की सवडीचा

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. हृदयाच्या दुखण्याचे दोन रस्ते आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

बसल्या जागी छातीत दाब, जळजळ किंवा जडपणा आला, तो काही मिनिटांत गेला नाही, घाम, मळमळ, दम, जबड्यात-हातात-पाठीत कळ असेल, तर तो घाईचा रस्ता. इथे विचार करत बसणं घातक. जिना चढताना दुखतं आणि थांबलं की जातं, महिनोन् महिने तसंच चाललंय, वाढलेलं नाही, तर तो सवडीचा रस्ता. तिथे दोन-चार दिवस घेऊन नीट विचारपूस करायला पुरेसा वेळ असतो. मात्र तेच दुखणं कमी चालण्यावर येऊ लागलं, वारंवार येऊ लागलं किंवा झोपेतून उठवू लागलं, तर रस्ता बदलला असं समजा.

बायका, मधुमेही आणि वयस्कर माणसं यांच्यात छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागणं, अचानक गळून जाणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं एवढंच दिसू शकतं. घरातल्या बाईला "दगदग झाली असेल" म्हणून झोपवू नका.

२. घाईचा रस्ता: पहिला तास

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत. तुमच्या भागात खासगी ॲम्ब्युलन्स जास्त लवकर येत असेल तर तिचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

पुण्यात सर्रास होणारी चूक म्हणजे पेशंटला स्कूटरवर मागे बसवून नेणं. ट्रॅफिकमधून लवकर पोहोचू असं वाटतं, पण वाटेत शुद्ध हरपली तर रस्त्यावर काहीही करता येत नाही. दुसरी चूक जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांमधली: पेशंट तीन मजले स्वतः उतरतो. अण्णांना आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. दोन्ही बाजूंना शेजारचे काका आणि माझा भाऊ. खुर्ची, दोन माणसं, बस.

जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलपेक्षा, जिथे कॅथलॅब चोवीस तास चालते तिथे नेणं चांगलं. कॅथलॅब म्हणजे जिथे अँजिओग्राफी (नसांचं चित्र काढणं) आणि अँजिओप्लास्टी होते ती खोली. फोनवर दोनच प्रश्न विचारा: "कॅथलॅब आत्ता सुरू आहे का? हृदयाचे डॉक्टर किती वेळात येतील?" तुमच्या घरापासून रात्री दोन वाजता कुठे पोहोचता येईल, हे एखाद्या रविवारी शांतपणे शोधून ठेवा. सिंहगड रोडवरून आणि वाघोलीहून याचं उत्तर एकच नसतं.

आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे. नस पूर्ण बंद झालेला मोठा अटॅक असेल, तर दारातून आत आल्यापासून साधारण ९० मिनिटांत फुगा टाकून नस उघडली जावी, असं उद्दिष्ट असतं. ते दोन तासांत जमण्यासारखं नसेल, तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लवकर देतात आणि मग मोठ्या ठिकाणी हलवतात. गावाकडून निघणाऱ्यांनी हे मनात पक्कं ठेवा: तालुक्याच्या ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शनची सोय असेल तर आधी तिथे थांबणं शहाणपणाचं. "डायरेक्ट पुण्यालाच नेतो" म्हणून घाटात अडकलेला तास परत मिळत नाही.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी निघू नका. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगते, आणि दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर ती पहिल्यांदा नॉर्मल येऊ शकते. म्हणून ती काही वेळाने परत करतात. पूर्वी यासाठी सहा-सहा तास थांबावं लागायचं; आताच्या जास्त संवेदनशील ट्रोपोनिनमुळे एक ते तीन तासांत दुसरा नमुना घेऊन निर्णय होऊ शकतो. अण्णांचा पहिला ईसीजी जवळपास साधाच होता. दुसऱ्या ट्रोपोनिनने सांगितलं.

सॉर्बिट्रेटची (नसा सैल करणारी) गोळी जिभेखाली ठेवायची सवय अनेक घरांत आहे. बीपी आधीच उतरलेलं असेल तर ती गोळी माणसाला खाली पाडू शकते. डॉक्टरांनी त्या पेशंटला लिहून दिलेली नसेल तर देऊ नका. ॲस्पिरिन चावून खायला देणं हाही फोनवरच्या डॉक्टरांना विचारूनच. ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झालेल्यांना ते चालत नाही.

३. सवडीचा रस्ता: कोणती तपासणी कशासाठी

लोक "फुल बॉडी चेकअप" करून येतात आणि विचारतात, "हार्ट ओके आहे ना?" प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. तो प्रश्न कोणता, हे तपासणीआधी विचारून घ्या.

ईसीजी: हृदयाची वीज कशी वाहतेय. दुखत नसताना काढलेला ईसीजी चांगला असूनही नसेत अडथळा असू शकतो.

टूडी एको: पंप कसा चालतोय, झडपा कशा आहेत. रिपोर्टमधला ईएफ हा आकडा पाहा; हृदय दर ठोक्याला आतल्यापैकी किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते तो सांगतो. ५५-६० म्हणजे चांगलं. "१०० पैकी ६०च?" म्हणून मामी रडायला लागली होती. कुणाचंच हृदय १०० टक्के रिकामं होत नसतं.

ट्रेडमिल टेस्ट: श्रम झाल्यावर रक्त कमी पडतं का. ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, खोटी निगेटिव्हही.

सीटी अँजिओग्राफी: हातातून डाय (नसा चित्रात उठून दिसाव्यात म्हणून दिलं जाणारं द्रव) देऊन स्कॅनरने नसांचं चित्र. मामांची हीच झाली. ही स्वच्छ आली तर मोठा अडथळा जवळपास नाहीच म्हणता येतं, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. ठोके साठ-पासष्टच्या आसपास यावेत म्हणून आधी गोळी देतात. नसांत कॅल्शियम फार साठलं असेल तर चित्र धूसर येतं. तसा अंदाज असेल तर ही आधी करावी का, हे विचारा.

कॅथेटरची अँजिओग्राफी: मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तसाच जाऊन एक्स-रे काढला. पुढे १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. अण्णांना आदल्या रात्री मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग मला टेबलावर झोपवून करतायत ते बरंय."

४. अँजिओग्राफीच्या आधी

सोबत ठेवायच्या गोष्टी:
- सगळे जुने ईसीजी, एको, रक्ताचे रिपोर्ट
- चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्याच (नावं लिहिताना चुका होतात)
- क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट. डायचा भार किडनीवर पडतो
- आधार, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत
- पूर्वी डायची किंवा औषधाची ॲलर्जी आली असेल तर कागदावर ठळक लिहून

मधुमेहाच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबद्दल आदल्या दिवशी स्पष्ट विचारा: कोणती घ्यायची, कोणती थांबवायची. स्वतःहून एकही बंद करू नका.

ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो, तो काही काळाने पुसट होतो. आमच्याकडे अण्णांनी तो जपून ठेवायचा म्हणून झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करायला दिला. मशीनच्या उष्णतेने कागद क्षणात काळाकुट्ट झाला. अटॅकच्या दिवसाची ती पट्टी गेली ती गेलीच. ईसीजी हातात पडला की लगेच फोटो काढा आणि झेरॉक्स करा.

आता संमतिपत्र. त्यावर बहुतेक वेळा "अँजिओग्राफी, आणि गरज पडल्यास अँजिओप्लास्टी" असं एकत्र छापलेलं असतं. त्यावर सही केली तर पेशंट टेबलावर असतानाच पुढचं होऊ शकतं. घाईच्या रस्त्यावर हेच योग्य. सवडीच्या रस्त्यावर मात्र सही करण्याआधी विचारा: "काही निघालं तर आम्हाला बाहेर येऊन सांगाल ना? आज फक्त अँजिओग्राफी करून नंतर ठरवता येईल का?" चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत.

मनगटातून केलं तर नंतर एक पारदर्शक पट्टा बांधतात, आत हवा भरलेली. सिस्टर दर काही वेळाने सिरिंजने थोडी थोडी हवा काढते. त्या वेळात हात वाकवू नका, टेकू देऊन उठू नका. पट्ट्याखाली रक्त दिसलं किंवा हात सुजला तर तेव्हाच सांगा.

५. गोळ्या, स्टेंट की बायपास

अण्णांच्या वेळी डॉक्टर कॅथलॅबच्या बाहेर आले. "एक नस ९५ टक्के बंद, तिच्यामुळेच अटॅक आलाय. ती उघडू. दुसरी साधारण ७० आहे." कॉरिडॉरमध्ये मी आणि भाऊ, हातात अण्णांचं घड्याळ आणि चष्मा. भाऊ म्हणाला, "दोन्ही करून टाका, एकदाच संपवा." डॉक्टर म्हणाले, "दुसरीचं प्रेशर मोजून बघू."

ही प्रेशर वायर अनेकांना माहीत नसते. रिपोर्टमधले ७० टक्के हा चित्र पाहून डोळ्याने केलेला अंदाज असतो. अडथळ्यामुळे रक्त खरंच कमी पडतंय का, हे केसासारख्या तारेवरचा सेन्सर सांगतो. त्या तपासणीला एफएफआर म्हणतात, आकडा ०.८० किंवा त्याखाली आला तर अडथळा त्रासदायक. अण्णांचा ०.८६ आला. त्या नसेत स्टेंट टाकला नाही, ती आजही गोळ्यांवर आहे. मधल्या आकड्यांच्या अडथळ्याबद्दल हा एक प्रश्न विचाराच: "याचं प्रेशर मोजता येईल का?"

अँजिओप्लास्टीची सुरुवात झुरिकमध्ये १६ सप्टेंबर १९७७ रोजी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नुसत्या फुग्याने केली. फुगवलेली नस परत आवळायची, म्हणून १९८६ पासून माणसांत स्टेंट वापरायला लागले, आणि पुढे औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. आज साधारण तेच वापरतात. कॅल्शियमने दगड झालेल्या नसेत आता मूतखडा फोडतात त्याच तत्त्वावर, फुग्यातल्या लहरींनी, कॅल्शियमला तडे देता येतात. नसेच्या आतून अल्ट्रासाऊंड किंवा प्रकाशाने पाहून स्टेंट नीट बसला का तेही तपासतात. मुख्य नसेचा किंवा लांबलचक अडथळा असेल तर "आतून इमेजिंग करणार का?" विचारा, खर्च वाढतो, पण तिथे त्याचा उपयोग आहे.

सवडीच्या रस्त्यावर असणाऱ्यांसाठी एक अभ्यास माहीत असणं फार गरजेचं. इस्केमिया नावाच्या त्या अभ्यासात पाच हजारांवर पेशंट होते आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. स्थिर आजारात सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास (अडथळ्याला वळसा घालून नवी नस जोडायचं ऑपरेशन) केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले, या दोन गटांत मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झालं. डाव्या मुख्य नसेत मोठा अडथळा असलेले, हृदय फारच कमजोर असलेले आणि नुकताच अटॅक आलेले लोक त्यात नव्हते. त्यामुळे "ब्लॉकेज निघालं म्हणजे आज रात्रीच स्टेंट" हे स्थिर पेशंटला लागू होतंच असं नाही.

डावी मुख्य नस, तीन नसांचा आजार, त्यात मधुमेह: इथे बायपास पुष्कळदा सरस ठरते. अशा वेळी अँजिओप्लास्टी करणारे आणि बायपास करणारे सर्जन या दोघांचंही मत घ्या. दुसऱ्या मताला जाताना छापील रिपोर्ट पुरत नाही, अँजिओग्राफीची सीडी किंवा लिंक मागून घ्या.

झडप आवळलेली असेल, वय जास्त असेल, तर छाती न उघडता जांघेतून नवी झडप बसवता येते. त्याला टावी म्हणतात. पहिली २००२ साली फ्रान्समध्ये रुआनला झाली.

६. पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशन कार्डधारकांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनीसाचं) टेबल असतं. आधी डिपॉझिट भरून मग योजना काढू म्हटलं की अडचण होते. दाखल होतानाच सांगा. चौकशीसाठी १५५३८८. ७० आणि त्यापुढच्या वयाच्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्डही आहे, ते आजार येण्याआधीच काढून ठेवा.

पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला थेट भेटा. बिलिंगच्या खिडकीवर ही माहिती आपणहून मिळेल असं धरू नका. सरकारी ससून स्टेशनजवळ आहे, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती) हॉस्पिटल.

स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली. औषधी स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला, त्याआधी लाखाच्या वर लागायचे. दर अधूनमधून बदलतो. ही मर्यादा फक्त स्टेंटला आहे. फुगा, तारा, कॅथलॅब, खोली यांचा आकडा वेगळा. म्हणून अंदाजपत्रक लेखी मागा. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर वेगळे लिहिलेले हवेत. स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला असतो, त्याचाही फोटो घ्या.

७. पायांकडेही पाहा

आईला मधुमेह. मंडईतून घरी येताना ती दर दोनशे पावलांना दुकानांसमोर थांबायची; आम्हाला वाटायचं साड्या बघतेय. पोटरीत कळ येत होती, थांबलं की जायची. गुडघे समजून वर्षभर तेल चोळलं. अण्णांच्या फॉलोअपला तिने हे सहज सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजलं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं, ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या नसा अरुंद झालेल्या असतात. तपासणी पंधरा मिनिटांची, सुई नाही, डाय नाही. ज्याच्या पायाच्या नसा अरुंद, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या नसाही तपासायला हव्यात. पायावरची जखम भरत नसेल, पाय अचानक गार-पांढरा पडून दुखू लागला, तर तो परत घाईचा रस्ता.

८. घरी आल्यावर

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात. अटॅक आलेल्यांना त्या साधारण वर्षभर. बरं वाटतंय म्हणून, किंवा दाताच्या डॉक्टरांनी "दात काढायचाय, बंद करा" म्हटलं म्हणून त्या थांबवू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. मध्येच बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळीही रिपोर्ट चांगला आला की सोडायची नसते. तो रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आलेला असतो. अटॅक येऊन गेलेल्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली ठेवायचं असतं. लॅबच्या कागदावर १०० च्या आत "नॉर्मल" छापलेलं असलं तरी तो आकडा तुमच्यासाठी नाही.

पुणेकराला बरं वाटलं की टेकडी आठवते. तळजाई, पर्वती, वेताळ टेकडी लगेच नको. कार्डिॲक रिहॅब कुठे आहे ते डिस्चार्जच्या वेळीच विचारा. तिथे ईसीजीवर लक्ष ठेवून व्यायाम वाढवतात. अण्णांनी आधी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या, मग सपाट रस्त्यावर. आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढले, मध्ये दोनदा बसून.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद आहे: १०८, खासगी ॲम्ब्युलन्सचा नंबर, चोवीस तास कॅथलॅब असलेल्या दोन हॉस्पिटलांचे नंबर, दोघांच्या गोळ्या, आईच्या सल्फाच्या ॲलर्जीची नोंद, अण्णांच्या स्टेंटची तारीख. खाली लाल पेनाने फाइल कुठल्या कपाटात आहे ते. गोळी बदलली की त्याच दिवशी कागद नव्याने लिहायचा, हे काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय.